पंखा बंद करा, कापड हलतंय

जुळे सोलापूर भागात मी भाड्याची खोली शोधत फिरत होते तेव्हा प्रत्येक घरमालक पहिल्यांदा एकच विचारायचा, मिस्टर कुठं असतात? नवरा श्रीपूरला साखर कारखान्यात आणि मी इथं शाळेत शिकवते असं सांगितलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. एका माणसानं मात्र यातलं काहीच विचारलं नाही. दार उघडलं, मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "जरा खिडकीकडं तोंड करा."

"का हो?"

"उजेडात बघितल्याबिगर मी कुणाला खोली देत न्हाई."

मे महिन्याचं ऊन डोक्यावर घेऊन मी सकाळपासून हिंडत होते, भांडायचं त्राणही नव्हतं. केलं तोंड खिडकीकडं. त्यांनी एक डोळा मिटून बघितलं आणि निकाल दिला, "डाव्या डोळ्याखाली काळं आलंय. झोप पुरत न्हाई तुमाला. बाकी माणूस बरा हाय." आतून एका बाईचं मोकळं हसू ऐकू आलं. "अवो, पासपोर्टचा फोटो काढायला आलीय का ती? किल्ली द्या की तिला!" वरच्या मजल्याची किल्ली मला अशी मिळाली, आणि त्या दिवसापासून ती दोघं माझे काका-काकू झाली.

काकांचा नव्या पेठेजवळ फोटो स्टुडिओ होता. मोबाइल आले आणि स्टुडिओ गेला. जाताना त्यांनी तिथलं सगळं घरी आणून ठेवलं. दिव्यांचे स्टँड, ट्यूबलाइटा, एक जुना कॉम्प्युटर आणि कापडांचं गाठोडं. लग्नाच्या व्हिडिओच्या दिवसात हा माणूस नवरानवरीला हिरव्या कापडापुढं उभं करायचा आणि कॉम्प्युटरमध्ये त्या हिरव्याच्या जागी बर्फाचे डोंगर बसवायचा. कॉम्प्युटरला फक्त सांगायचं, जिथं जिथं हा हिरवा दिसेल तिथं तिथं दुसरं चित्र दाखव. माणूस तेवढा राहतो, मागचं सगळं बदलतं. अल्बममध्ये अक्कलकोटची एक जोडी बर्फात उभी होती, नवऱ्याच्या कपाळावरून घाम गळतोय आणि मागं हिमशिखरं. "मोहोळच्या फुडं न गेलेली माणसं मी जगभर हिंडवली," असं ते मोठ्या ऐटीत सांगायचे.

सावलीशी मात्र त्यांचं हाडवैर. मी शाळेत गेले असताना वर येऊन त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातली ट्यूब काढून दुसऱ्या भिंतीला लावली, का तर कांदा चिरताना माझ्या हाताची सावली पाटावर पडते म्हणून. घरात सत्यनारायण होता तेव्हा गुरुजींना पोथी मध्येच थांबवायला लावून पाट फिरवायला सांगितला, कारण गुरुजींच्या नाकाची सावली ओठावर पडत होती. गुरुजी म्हणाले, "अहो, देवाला चालतं." काका म्हणाले, "देवाला चालंल, मला न्हाई." काकूंनी कपाळाला हात लावला. "बघितलंस का पोरी? अशा माणसाबरोबर मी जलम काढला."

"सावली दिसली की बघणाऱ्याला संशय येतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून एकदा तरी कानावर पडायचंच. त्या वाक्यात हसण्यासारखं काही नाही हे मला फार उशिरा कळलं.

काकू बार्शीकडच्या एका खेड्यातल्या. दांडगं हसणं, दांडगा आवाज, हाताला चव. मी राहायला गेल्यावर वर्षभरात त्यांचे पाय सुजायला लागले, मग तोंड. दोन्ही किडन्या गेल्या म्हणाले डॉक्टर. आठवड्यातून दोनदा रिक्षात घालून डायलिसिसला न्यायचं, पाणी मोजून प्यायचं, मीठ बंद. ज्या बाईच्या हातची शेंगाचटणी अख्खी कॉलनी मागून न्यायची, तिला बिनमिठाची मुगाची खिचडी गिळताना मी बघत होते. काळजाला घरं पडायची.

त्यांना एकच मुलगी, सुमी. कॅनडात. लग्नाला बरीच वर्षं झालेली, आणि दर वेळी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सगळं संपायचं. आईच्या किडन्या गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं त्याच आठवड्यात सुमीचा फोन आला की पुन्हा दिवस राहिलेत, आणि तिथल्या डॉक्टरनं पलंगावरून उतरायचं नाही, विमानाचं तर नावच काढायचं नाही, मनाला कसलाही ताण द्यायचा नाही असं बजावलंय. फोन ठेवून दोघं समोरासमोर बसून राहिली. मी चहा घेऊन खाली गेले होते. काकूच आधी म्हणाल्या, "तिला कायबी सांगायचं न्हाई."

"न्हाई," काका म्हणाले.

आधी दोघांचं एकमतच होतं, हे मी मुद्दाम सांगते. नंतर काकांना नावं ठेवणारे पुष्कळ निघाले.

सुमी दर रविवारी सकाळी व्हिडिओवर यायची. पहिल्या रविवारी काकांनी काकूंना उचलून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत नेऊन बसवलं. पाच मिनिटांत काकूंना घेरी आली. काका मोबाइल खाली करून ओरडले, "नेट गेलं, नेट गेलं!" आणि मी काकूंना धरलं. त्यानंतर डोकं वर उचलता येणारी दवाखान्यातली कॉट भाड्यानं आणली. ती मागच्या खोलीतच मावत होती. त्या खोलीत औषधांच्या बाटल्या, भोकाची खुर्ची, भिंतीला आलेली ओल. हे पोरीला कसं दाखवायचं?

म्हणून गाठोडं सोडलं. पहिलं कापड सॅटिनचं निघालं, ते चमकायचं, चमकलं की कॉम्प्युटरला हिरवं ओळखू येईना. मग काकांनी मंगळवार पेठेत जाऊन सुती पॉपलीन आणलं, बिनचमकेचं, पोपटी हिरवं. भिंतीला एक कापड, आणि तेच कापड कॉटच्या वर उचललेल्या भागाला, उशीला, गादीला. काकू त्यात टेकून बसल्या की कॉम्प्युटरवर कॉट, भिंत, ओल, बाटल्या सगळं गायब. त्या जागी काकांनी स्वतः काढलेला आपल्याच स्वयंपाकघराचा फोटो. काकू आजारपणाच्या खोलीतून उठून ओट्याशेजारी खुर्चीवर बसल्यासारख्या दिसायच्या.

मी म्हटलं, "काका, आता मोबाइलात कापडाशिवायही होतं हे."

"होतंय की. पण केसाच्या कडा खातंय. हिच्या कानात कुड्या हायेत. एक दिसंल, एक न्हाई. सुमी ल्हानपणापास्नं चौकस हाय, तिला लगीच कळंल."

नवीन काही विकत आणायचं नाही, घरातल्या घरात भागवायचं, असा त्यांचा हट्ट. काकूंच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यांना बुडाशी भोक पाडून त्यात बल्ब बसवले. बल्बापुढं बेकरीवाल्याकडून मागून आणलेला बटरपेपर लावला, म्हणजे उजेड मऊ पडतो. फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल एका बाजूला उभं केलं, त्यावरून परतलेला उजेड काकूंच्या उजव्या गालावर. "माझी पातेली भोसकली की वो," काकू कण्हत म्हणायच्या, पण तेव्हा त्यांना थोडी गंमतही वाटत होती.

"कापडाला येगळा उजेड, माणसाला येगळा," काका मला समजावायचे. मी रविवारी चिमटे लावायला खाली जायचे ना. दोन ट्यूबा फक्त कापडासाठी, डावी-उजवीकडं, म्हणजे कुठं डाग पडायला नको. काकूंची सावली कापडावर पडू नये म्हणून कॉट भिंतीपासून लांब ओढायची. ती ओढली की बाथरूमचं दार अडायचं. मग काकूंनी दाबून धरायचं. कापडाची हिरवी झाक त्यांच्या मानेवर उतरायची, ती मारायला खांद्यामागून एक पिवळट बल्ब. फोटोत खिडकी डावीकडं, म्हणून काकूंवरही उजेड डावीकडूनच आला पाहिजे. कापडाला दर रविवारी इस्त्री, कारण सुरकुती म्हणजे सावली, आणि सावली म्हणजे संशय. खरी खिडकी मात्र जाड चादरी टाकून बंद, बाहेरचा उजेड आत यायला नको.

आणि पंखा बंद. पंखा लावला की कापड हलतं.

सोलापूरचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्यालाच कळेल मी काय सांगतेय ते. बंद खोली, चादरींनी बुजवलेली खिडकी, डोक्यावर तापलेलं छत, चारी बाजूंनी दिवे, आणि मध्ये एक बाई जिला पाणीसुद्धा मोजून. काकूंच्या ओठावर घाम यायचा तो काका टिपायचे, पुन्हा यायचा, पुन्हा टिपायचे. एका रविवारी माझा अगदी संताप झाला. मी उठून पंखा लावला. कापडावर लाट उठली. काका किंचाळले, "पंखा बंद करा, कापड हलतंय!"

"काका, माणूस हलतोय इथं! बघा तरी त्यांच्याकडं!"

काकूंनी मला हातानं खूण केली. "ऱ्हाऊ दे पोरी. पाच मिन्टं काय, मी दळणाच्या गिरणीत उभी ऱ्हायलेली बाई हाय." मग सुमी आली आणि काकू अशा काही हसल्या की मीच क्षणभर फसले. पिवळट बल्बात त्यांचा रंग खरोखर बरा दिसत होता. फोन संपल्यावर मी काकांना टोचून म्हटलं, "तुम्ही तर काकूंना बरंच करून टाकलंत की." ते कापड उतरवत होते.

एकदा सुमी हसत म्हणाली, "आई, कॅलेंडर अजून फेब्रुवारीचंच? पान तरी उलटा." काकांच्या तोंडचं पाणी पळालं. फोटो जुना होता, त्यात भिंतीवर फेब्रुवारी. त्या दिवसापासून काका दर आठवड्याला स्वयंपाकघराचा ताजा फोटो काढायला लागले. कॅलेंडरचं पान उलटायचं, दुधाची खूण करायची. ओट्यावर आज कोथिंबिरीची जुडी, पुढच्या वेळी परातीत आंबे. गॅसवर कढई. त्या कढईत काही नसायचं. दोघं डब्याचं जेवत होती. काकू गेल्यापासून, म्हणजे स्वयंपाकघरातून गेल्यापासून, तिथं फोडणी पडली नव्हती. आणि हा माणूस ओट्याशी उभा राहून एक डोळा मिटून आंबे रचत बसायचा.

त्या खोलीचा आणखी एक नियम होता. हिरवं काही आत आणायचं नाही. कापडासारखं हिरवं अंगावर असलं की तेवढा भाग कॉम्प्युटर खाऊन टाकतो आणि मागचं स्वयंपाकघर दिसतं. माझी पोपटी ओढणी काकांनी दारातच काढायला लावली होती. काकूंचा हिरवा चुडा तर किती दिवस वादाचा विषय होता. सवाष्ण बाई, हिरव्या बांगड्या काढणार कशी? शेवटी पोरीसाठी म्हणून त्यांनी लाल भरल्या, पण मग चार दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

सुमीला सातवा लागला. तिथल्या मैत्रिणींनी तिचं डोहाळजेवण करायचं ठरवलं. आईनं स्क्रीनवरून ओटी भरायची. काकूंनी मला गुपचूप खाली बोलावून घेतलं नि म्हणाल्या, "माझ्या नावानं एक साडी आण. चांगली, जरीकाठाची. तिला दाखवते, मग कुणासंगं तरी पाठवू. ह्यांना सांगू नगं, लई प्रश्न इचारत्यात." मी आणली. पोपटी हिरवी, सुती आणली, डोहाळजेवणाची साडी हिरवीच असते. खोलीचा नियम मला पाठ होता, काकूंनाही पाठ होता, आणि डोहाळजेवणाला हिरवं हेही आम्हा दोघींना पाठ. ही दोन पाठांतरं आमच्या डोक्यात एकमेकींना भेटलीच नाहीत!

सुमी फुलांचे दागिने घालून बसली होती. मागं मैत्रिणींची गडबड. काका कॉम्प्युटरशी, मी दारात. काकूंनी पांघरुणाखालून साडी काढली, घडी मोडली आणि कौतुकानं स्वतःच्या खांद्यावरून मांडीपर्यंत पसरून धरली. "बघ ग, कशी हाय?"

पलीकडची गडबड थांबली.

"आई..." सुमी म्हणाली. "आई, तुझं अंग कुठंय?"

मी कॉम्प्युटरकडं बघितलं. स्वयंपाकघरात एक डोकं होतं आणि दोन हात होते. मध्ये जरीकाठाची एक रेघ सोडली तर काही नव्हतं. मधून ओटा दिसत होता, ओट्यावरचे आंबे दिसत होते. काकूंनीही बघितलं. त्या स्क्रीनवरच्या स्वतःकडं बघत राहिल्या, साडी तशीच धरून. मला वाटलं ओरडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "सुमे, मी हितं न्हाई ग. ह्ये समदं—"

काकांनी वायर ओढली.

नंतर त्यांनी मोबाइलवरून सुमीला सांगितलं की घराला रंग देतोय, पसारा दिसू नये म्हणून मागं फोटो लावलेला, कॉम्प्युटर बिघडला. पोरगी घाबरली होती, पण अर्धं खरं असल्यामुळं तिनं ते मानलं. फोन ठेवल्यावर त्या खोलीत जे झालं ते मी विसरणार नाही. काकूंना आवाज उरला नव्हता, तरी त्या आवाजातून जाळ निघत होता.

"माझ्यासाटी रडायचा तिला हक्क हाय का न्हाई? आँ? मी मेल्यावर एकदम रडायला लावणार तिला? तुमी कोण अडवणार?"

"आदीची समदी गेली तिची," काका म्हणाले. "हे बी जाऊ दे? सांग. तू सांग, जाऊ दे म्हणून. मी आत्ता फोन लावतो."

पोरीचं पोट आणि पोरीचं तोंड, दोन्ही काकूंपुढं होतं. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचंही पटलं, आणि मी नुसती साडीची घडी घालत उभी राहिले. शेवटी काकू म्हणाल्या, "बाळ रडल्यालं ऐकलं की मी सांगणार. तुमी न्हाई. माझ्या तोंडानं सांगणार."

"सांग," काका म्हणाले. "तूच सांग."

त्या बोलीवर पुढचे रविवार निघाले. काकू आता कापडासमोर बसायला कुरकुर करत नव्हत्या. त्यांना त्या दिवसापर्यंत पोचायचं होतं, एवढंच. डायलिसिसहून आल्या की विचारायच्या, "किती ऱ्हायलं सुमीचं?" गोळी घेताना विचारायच्या. डॉक्टरांना नुसतंच "किती ऱ्हायलं?" विचारायच्या, आणि त्या बिचाऱ्याला वाटायचं बाई स्वतःचंच विचारतेय.

एका सकाळी मी शाळेचा डबा भरत होते. काकांनी जिन्याखालून हाक मारली, "मॅडम, जरा खाली या." आवाज नेहमीचा होता. मी गेले. काकू उशीवर मान कलती करून होत्या आणि त्या नव्हत्या. भिंतीला कापड लावलेलं, सगळे दिवे चालू. रविवार नव्हता. पण तेव्हा ते विचारायचं सुचलं नाही, मी काकूंचे पाय धरून रडायला लागले.

बार्शीकडची माणसं आली. काका दारात उभे. येणाऱ्या प्रत्येकाला एकच, "स्टेटस टाकायचं न्हाई. ग्रुपवर टाकायचं न्हाई. सुमीला कळता कामा न्हाई." बायका एकमेकींकडं बघायच्या. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी पाहिजे होती, कोरी. काकूंच्या बहिणीनं कपाट उघडलं. कोरी हिरवी त्यात एकच होती, सुमीसाठी आणलेली, पाठवायची राहून गेलेली. तीच नेसवली. हाताला हिरव्या बांगड्या भरल्या. काका बघत होते. इतक्या महिन्यांनी काकूंच्या अंगावर हिरवं आलं आणि ते काहीही म्हणाले नाहीत.

त्यांनी जावयाला तेवढं कळवलं. तोही गप्प राहायला कबूल झाला. दहाव्याला काकांनी डोकं केलं, आणि रविवारी भर पावसाळी उकाड्यात लोकरीची टोपी कानापर्यंत ओढून स्वतः कापडासमोर बसले. मागं स्वयंपाकघर. "आईचा डोळा लागलाय," ते म्हणाले. "रात्री जागरण झालं तिला. कीर्तनाला गेलती." सुमी म्हणाली, उठवू नका. पुढच्या रविवारी आईचा घसा बसला होता. मी चिमटे लावायला गेले नाही. मला जमलंच नाही. वरून त्यांचा आवाज ऐकू यायचा, मोठ्यानं, आनंदी, आणि मी कानावर उशी दाबून पडून राहायचे.

मुलगी झाली. सुखरूप. दुसऱ्या दिवशी जावयानं सुमीला सांगितलं. त्यानंतर रविवारी फोन येणं बंद झालं. काका मात्र रविवारी कॉम्प्युटर लावून बसायचे, कापडाशिवाय, पंख्याखाली.

थंडीत ती आली. कडेवर पोरगी, डोळे खोल गेलेले. माझी तिची ओळख फक्त स्क्रीनवरची. काका बाळाला घ्यायला पुढं झाले तर तिनं दिलं नाही. सरळ मागच्या खोलीत गेली. कॉट परत गेली होती, भिंतीवर ओल आणि खिळे. तिथं उभी राहून म्हणाली, "अण्णा, आईचा फोटो दाखवा. शेवटचा."

काकांना बरं वाटलं असावं, काहीतरी मागितलं म्हणून. लगबगीनं कॉम्प्युटर लावला. प्रत्येक रविवारचं रेकॉर्डिंग त्यांनी ठेवलं होतं. काकू ओट्याशेजारी हसतायत, कोथिंबीर, आंबे, कॅलेंडर. सुमीनं थोडा वेळ बघितलं.

"ही नको. ही मी बघितलीय. खरी दाखवा. आजारी होती तशी. या खोलीतली."

काका फोल्डर उघडत गेले. स्वयंपाकघर. स्वयंपाकघर. रिकाम्या कढईचे, परातीचे, खिडकीचे फोटो, सकाळचे, दुपारचे. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढलेल्या त्या माणसाकडं आपल्या बायकोच्या आजारपणाचा एकसुद्धा फोटो नव्हता. माझ्या मोबाइलातही नव्हता. त्या खोलीत कॅमेरा सुरू व्हायच्या आधी सगळं झाकलेलं असायचं ना.

सुमी माझ्याकडं वळली. "ताई, तुम्ही रोज बघत होतात. सांगा मला. कशी होती?"

काय सांगू, कसं सांगू? मी अडखळत सुरुवात केली. म्हटलं, तोंड सुजायचं सकाळी—

"उजवं जास्त," काका म्हणाले. ते भिंतीकडं बघत होते. "उजव्या कुशीवर झोपायची म्हणून. डोळा निम्मा झाकायचा त्या बाजूचा. रंग मातकट झालता. ओठाला साल आल्ती, पाणी न्हवतं देता येत. हातावर सुया टोचून टोचून काळंनिळं, कोपरापर्यंत. मानेची ही शीर उडायची, बोलताना. केस गेलते हितले. कुड्या जड व्हायच्या कानाला, तरी काढू देत न्हवती. तुला दिसल्या पायजेत म्हणायची." ते सांगत राहिले, एक एक करून, कपाळापासून पायाच्या बोटांपर्यंत, आणि सुमी बाळाला छातीशी धरून ऐकत राहिली. मी तोंडाला पदर लावला होता. त्या माणसानं सगळं बघितलं होतं. एकूण एक.

"आणि शेवटी?" सुमीनं विचारलं. "काही म्हणाली?"

काकांनी कॉम्प्युटर बंद केला.

"म्हणाली, सुमीला लाव. आज लाव, रविवार नको. आता सांगू दे मला." त्यांनी हात कापड लावायच्या भिंतीकडं केला. "मी म्हटलं, थांब, लाइट लावतो."

"मग?"

"इस्त्री केली कापडाला. कॉट वढली. दिवे लावले. डावीकडचा मनासारखा पडत न्हवता, तो हलवून बघितला. मग वळून म्हटलं, हां, बोल आता."

सुमीनं बाळ खाली ठेवलं नाही, रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "किती वेळ लावलात, अण्णा?"

"नेहमी लागतो तेवढाच," काका म्हणाले. "घाई करून चालत न्हाई त्यात."